मी खुंटी नाही!

मी एक जुनी सायकल आहे, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो: मी जन्मात कधी एक पाऊलही पुढे गेलेली नाही. मला मागचं चाक नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही. पुढे एक जडशीळ लोखंडी चाक आहे, तेही जमिनीला टेकत नाही. मी व्यायामाची सायकल. माझ्यावर बसायचं, पॅडल मारायचे, घाम गाळायचा आणि जिथे बसलात तिथेच उतरायचं. मला पहिल्यांदा पाहून एक आजी म्हणाल्या होत्या, "ही कसली गं सायकल? हिच्यापेक्षा आमचा पाळणा बरा, तो निदान हलतो तरी!"

मी एका लहानशा कारखान्यात जन्मले. ज्या वेल्डरने मला जोडलं, तो सतत शीळ घालायचा. त्याने माझ्या चाकाभोवती एक जाड कापडी पट्टा बसवला. हा पट्टा लक्षात ठेवा. हँडलखालचा स्क्रू आवळला की पट्टा चाकाला करकचून धरतो आणि पॅडल जड होतात. सैल सोडला की हलके. माझं सगळं औषध त्या पट्ट्यात आहे. पट्टा नसेल तर मी नुसती फिरकी.

कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकाकांनी मला मागच्या खोलीत आणून ठेवलं. डॉक्टरकाका तोंडाचे फटकळ. "गोळी देतो, पण आधी पाय हलवून या," असं म्हणून पेशंटला सरळ माझ्याकडे पाठवायचे. मग काय, माझ्यापुढे रांग! दिवसभर उभं राहून पाय सुजलेला न्हावी यायचा. बस चालवून चालवून पोट सुटलेला ड्रायव्हर यायचा आणि पहिल्या पाच मिनिटांतच "अजून किती?" म्हणून विचारायचा. शाळेच्या बाईंची साखर वाढली होती, त्या पॅडल मारता मारता मोठ्याने पाढे म्हणायच्या, आणि एकोणतीसच्या पाढ्याला त्यांना हमखास धाप लागायची. काय दिवस होते ते! लोक उतरताना माझी सीट पुसून जायचे. मला तर वाटायचं, ही कॉलनी माझ्याच जोरावर चालते. थोडा ताठा होता म्हणा ना.

पण गरज सरो, वैद्य मरो! डॉक्टरकाका थकले आणि मुलीकडे राहायला गेले. नव्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण बाहेर गर्दी एवढी, की मागच्या खोलीत डोकवायलाही त्यांना फुरसत नव्हती. हळूहळू पेशंट मागच्या खोलीतही बसू लागले. एके दिवशी कॉलनीचा सेक्रेटरी आत आला, त्याने अंगातला कोट काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हँडलवर टाकला.

तो पहिला कोट. मग छत्री आली. मग पिशव्या, स्वेटर, कुणाच्या तान्ह्याची ओली दुपटी! सीटवर जुनी मासिकं, पॅडलवर चपला. भिंतीवर चांगल्या चार खुंट्या होत्या हो, पण तिथवर हात उंचावायचे कष्ट कोण घेणार? "ती बघ, त्या खुंटीवर टाक," असं लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. खुंटी! मला! रागाने माझं लोखंड तापायचं. एकदा तर मी मुद्दाम एक पॅडल फिरू दिलं आणि एका छत्रीला धाडकन खाली पाडलं. तेवढंच समाधान.

दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून गल्लीपलीकडे एक शिवणाचं दुकान दिसायचं. ते शिवणमावशींचं. सेक्रेटरी त्यांचाच मुलगा. मावशी पायाने चालवायच्या मशीनवर शिवायच्या, आणि त्या मशीनची खट्-खट्-खट् मला दिवसभर ऐकू यायची. कपड्यांखाली गुदमरून बसलेली असताना मला तेवढाच आधार होता. कुणीतरी कुठेतरी पाय चालवतंय, असं वाटायचं.

एक दिवस ती खट्खट् थांबली. मावशी फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, ते खोटं नाही.

दर आठवड्याला व्यायाम शिकवायला येणारी ताई त्यांना मागच्या खोलीत घेऊन आली. तिने माझ्यावरचा ढीग एका हाताने उचलून खुर्चीत फेकला. मला तर तिची पापी घ्यावीशी वाटली!

"मावशी, रोज हिच्यावर बसायचं. गुडघा वाकायलाच हवा."

"वाकेल तो. मशीनवर बसले की आपोआप वाकेल," मावशी म्हणाल्या.

"आधी ही, मग मशीन."

मागे सेक्रेटरी उभा होता. "अगं आई, कशाला जिवाला त्रास? मी मशीनला मोटर बसवतो. नाहीतर सरळ विकून टाकू. खूप शिवलंस, आता आराम कर."

मावशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मोटर बसवलीस तर मशीन तूच चालव. आणि विकायला काढलीस ना, तर आधी मला विक. पाय माझा मोडलाय, मशीनचा नाही!"

त्या क्षणी मी ठरवलं, ही बाई माझी.

पण मित्रांनो, तीस वर्षं शिवणमशीन चालवलेली बाई ती! तिला एकच चाल ठाऊक. तिने दोन्ही पाय माझ्या पॅडलवर ठेवले, दोन्ही एकदम दाबले, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि उजवा हात पुढे करून मशीनचं चाक शोधू लागली, ढकलून सुरू करायला. मी कशाला हलते? दोन्ही पॅडल एकाच वेळी खाली जातील का कधी?

"मेली जाम झालीये," मावशी म्हणाल्या. "हिला तेल हवं."

ताईने हसत हसत त्यांना एक पाय आधी, मग दुसरा, असं दाखवलं. सुरुवातीला अर्धा फेराच व्हायचा, पुढे आणि परत मागे. मावशी ओठ दाबून बसायच्या, डोळ्यांत पाणी, पण हूं की चूं नाही. मधेच माझ्या हँडलवर चापट मारून म्हणायच्या, "चल गं, आपल्या दोघींना कोण विचारतंय? चल!"

आणि तेलाचं त्यांच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. एके दिवशी ताई नसताना त्या मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. साखळीला तेल, पॅडलला तेल, सीटच्या स्प्रिंगला तेल. किती दिवसांनी कुणी मला असं हात लावत होतं! मी सुखावले. मग त्यांनी चाकाभोवतीचा पट्टा पाहिला, "अरे, इथे तर घासतंय!" म्हणाल्या आणि पट्ट्यावर अख्खी कुपी रिकामी केली. मी ओरडले असते, पण ओरडणार कशी? पट्ट्याचं कामच घासायचं आहे, हो!

झालं, मी भर्रकन फिरू लागले. मावशी खूश. चार दिवस रोज फिरवलं. "बघा, पाय कसा सुटला! पोरगा म्हणत होता आराम कर!" आल्यागेल्याला बोलावून दाखवायच्या. आणि तशाच दुकानात जाऊन मशीनवर बसल्या.

मी खिडकीतून कान देऊन होते. खट्. खट्. मग काहीच नाही. पायात ताकदच आली नव्हती. पाचव्या दिवशी ताई आली, तिने स्क्रू आवळून पाहिला, पट्ट्याला बोट लावलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हिला तेल पाजलंत! चार दिवस तुम्ही नाही, चाकच फिरत होतं."

मावशींचा चेहरा पडला. दाराशी सेक्रेटरी होता. तो हळूच म्हणाला, "आई, बस झालं आता. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. या खोलीत खुर्च्या टाकायच्यात, कमिटीत ठरलंय. पट्टाही गेलाय, आता ही काय कामाची? असून अडचण, नसून खोळंबा."

मी? असून अडचण? आणि हे माझ्यावर कोट टाकणाऱ्याने म्हणावं!

मावशी कामाला लागल्या. त्यांनी माझा पट्टा काढला, घरी नेला, गरम पाणी आणि साबणाने धुतला, वाळवला आणि पुन्हा बसवला. तो पूर्वीसारखा धरेना, पण थोडा तरी धरू लागला. त्या स्क्रू पार शेवटापर्यंत आवळायच्या आणि सकाळ-संध्याकाळ पॅडल मारायच्या. आता फुकटचं काही नव्हतं. एकेका फेऱ्याला त्या "आई गं" म्हणायच्या आणि मी कुरकुरायचे. शनिवारी संध्याकाळी जुना कापडी पट्टा मधोमध टरकला.

रविवारी दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन हजर! त्याने मला एका बाजूने उचललं, आणि तिथेच टेकला. मी काही हलकी नाही. त्याला धाप लागली.

"थांब रे भाऊ," मावशी दारात काठी टेकून उभ्या होत्या. "पाणी पी. मी हिचा पट्टा शिवून आणते. पट्टा बसला की ही भंगार नाही."

सेक्रेटरी म्हणाला, "आई, त्याला जाड कॅनव्हास लागतं, तेही चौपदरी. मोटरशिवाय सुई आत जायची नाही. आणि तुझा पाय..."

"माझा पाय मला माहीत. तू याला पाणी दे."

त्या गल्ली ओलांडून गेल्या. खोलीत आम्ही तिघेच: भंगारवाला, सेक्रेटरी आणि मी. भंगारवाला पाणी प्यायला. सेक्रेटरी खिडकीशी गेला. दुकानात शांतता होती. मग एक खट् ऐकू आली. आणि थांबली. सेक्रेटरीने डोळे मिटून घेतले. चल गं बाई, मी मनात म्हणत होते, एक पाय आधी, मग... नाही, नाही, तिथे दोन्ही एकदम! टाच-चवडा! चल!

खट्. खट्... खट्. खट्-खट्. जड, अडखळत, पण थांबेना. खट्-खट्-खट्-खट्! जाड कॅनव्हास भोसकत ती सुई चालली होती, आणि तिला चालवत होता तोच पाय! मला इतका आनंद झाला की पाय असते तर मी नाचलेच असते. सेक्रेटरी खिडकीतून बाजूला झाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. भंगारवाल्याने विचारलं, "मग साहेब, मी जाऊ का?" सेक्रेटरीने मानेनेच हो म्हटलं. तो गेला, बिचारा, दारातल्या चपला पायाने नीट लावून.

मावशी पट्टा घेऊन आल्या. चौपदरी, दुहेरी शिलाई, कडेला लाल दोरा. चाकाभोवती बसवला, स्क्रू आवळला. मग मुलाकडे वळल्या.

"बस."

"मी? कशाला?"

"कमिटीत ठरवलंस ना, काय कामाची म्हणून? बसून सांग. मी उभी आहे."

तो निमूटपणे बसला. मीही काही दयामाया दाखवली नाही. पट्ट्याने चाक असं धरलं, की दहा फेऱ्यांत त्याच्या कपाळावर घाम आला, वीस फेऱ्यांत श्वास वर-खाली. त्याने कोट काढला आणि जुन्या सवयीने माझ्या हँडलवर टाकायला हात पुढे केला.

मावशींनी त्याचा हात धरला. "खुंटी भिंतीवर आहे."

तो उतरला, धापा टाकत भिंतीपर्यंत गेला, हात उंचावून कोट खुंटीला अडकवला आणि परत येऊन माझ्यावर बसला. खुर्च्या आल्याच नाहीत. न्हावी पुन्हा येऊ लागलाय. शाळेच्या बाई आता निवृत्त झाल्यात, पण एकोणतीसचा पाढा अजून तिथेच अडतो.

तर मित्रांनो, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपून ठेवलेल्या लोखंडाला गंज चढतो, आणि जपून ठेवलेल्या गुडघ्याचं काय होतं ते मावशींना विचारा. मला दमवा. माझ्या नाकीनऊ आणा. तुमच्याही घरात, दवाखान्यात, शाळेत माझी एखादी बहीण कोपऱ्यात कपड्यांखाली गुदमरत असेल. तिच्या अंगावरचा ढीग उचला आणि बसा तिच्यावर. आणि कोट? खुंटी भिंतीवर आहे!