शेपटाचा दाखला

पिल्लं जन्मून तिसरा दिवस उजाडला आणि घरात शेपटांवरून भांडण सुरू झालं.

भांडणारी माणसं दोनच, सासरे आणि सून. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं. धंदा सासरे-सून मिळून चालवत. धान्याची गोदामं, पिठाच्या गिरण्या, पेंडीची कोठारं, जिथे उंदीर तिथे यांची गाडी. विष नाही, सापळे नाहीत, नुसते कुत्रे. बुटके, दाढीवाले, खरखरीत केसांचे टेरियर. चाळीस वर्षांत सासऱ्यांच्या दारात लांब शेपटाचा कुत्रा कुणी पाहिला नव्हता.

"बिळात अडकलेला कुत्रा ओढून काढायला चार बोटं शेपूट पुष्कळ झालं," सासरे म्हणाले. "बाकीची नुसती अडगळ. फटीत सापडतं, उंदीर चावतो, मग चिघळतं. आज छाटलं तर पिल्लाला कळणारसुद्धा नाही."

"कळत नाही, हे पिल्लानं सांगितलं का तुम्हाला?" सून म्हणाली.

"तू वाद घालू नकोस. डॉक्टरबाईंना अकराची वेळ दिलीय."

वेळ घ्यावीच लागायची. घरच्या घरी कात्री चालवायचे दिवस गेले होते. आता शेपूट छाटायचं तर फक्त कामाच्या कुत्र्याचं, तेही पाच दिवसांच्या आत, जनावरांच्या डॉक्टरांकडूनच, आणि तसा दाखला घ्यायचा. सासऱ्यांचं सगळं रीतसर असायचं. पण दाखला घेतलेल्या कुत्र्यालाही एक दार कायमचं बंद होतं. लोक तिकीट काढून बघायला येतात अशा प्रदर्शनात त्याला स्पर्धेत उतरता येत नसे. कामाची करामत दाखवा, टाळ्या घ्या आणि घरी जा.

आणि सुनेला नेमकं तेच दार हवं होतं. लग्नाआधी ती शिवणकाम करायची. कापड चिमटीत धरलं की त्याचा कस सांगायची. या घरात आल्यावर तिची तीच बोटं कुत्र्यांच्या पाठीवरून, खांद्यांवरून फिरू लागली, आणि कुठला जीव नीट बेतलाय, कुठला ढगळ झालाय, हे तिला आपोआप कळू लागलं. पाच पिल्लांतलं डाव्या डोळ्यावर काळा ठिपका असलेलं पिल्लू तिनं उचललं.

"बाबा, चार तुमची. हे एक माझं. याला हात लावायचा नाही."

सासऱ्यांनी पिल्लाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. कुणाशीही दोन हात करतील, पण ही एकदा हट्टाला पेटली की कुत्र्याचं शेपूट नळीत घातल्यासारखंच, हे त्यांना ठाऊक होतं.

"घे," ते म्हणाले. "उद्या शेपूट फाटलं की रडत माझ्याकडे येऊ नकोस."

पिल्लाचं नाव पडलं डंका, आणि ते त्यानं स्वतःच पाडून घेतलं. उभं राहता येऊ लागल्यापासून त्याचं शेपूट कधी थांबलंच नाही. रिकाम्या डब्याशेजारी उभा राहिला की डबा वाजायचा, दाराशी उभा राहिला की दार वाजायचं. शेजारीण दोनदा "कोण आहे?" म्हणून बाहेर येऊन गेली.

कामाला मात्र तो चौघा भावंडांच्या वरचढ निघाला. दीड वर्षाचा होईतो त्याच्याशिवाय गाडी हलेनाशी झाली. गोदामात थप्प्यांच्या मधल्या अरुंद बोळात नाक खाली घालून शिरायचा आणि एकदम थबकायचा. पुढचं अंग दगडासारखं, मागचं अंग वाऱ्यावर. सासरे तोंडानं कौतुक करायचे नाहीत. "बरा आहे" एवढंच म्हणायचे, पण चालताना हात खाली सोडून त्याच्या डोक्यावर ठेवायचे.

मोठ्या प्रदर्शनाचा अर्ज सुनेनं भरला आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी गिरणीच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे दिसले.

आधी वाटलं, उंदराचं. मग दिसलं की डंकाच्या शेपटाचं टोक फुटलंय. एका बाजूला लाकडी खोकी, दुसऱ्या बाजूला विटांची भिंत, मध्ये हा खुशीत. इकडे एक तडाखा, तिकडे एक तडाखा. घरी नेऊन पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी पट्टी छताच्या पंख्यावर लटकलेली. सुनेनं जाड कापडाची पिशवी शिवून घातली. तीही झाडून दिली. जखम भरायची, हा आनंदायचा, जखम उघडायची.

"याला शांत ठेवता येईल का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला बघितलं तरी हलवतो," सून म्हणाली. "नाही बघितलं तर मी येईन म्हणून हलवतो."

"मग कापावं लागेल. हाडापर्यंत गेलंय. असं होतं कधीकधी, हलवून हलवूनच जखम होते."

"म्हणजे आनंदानं जखमी?" सासऱ्यांनी विचारलं.

"तसंच म्हणायचं."

घरी परतताना सून गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. 'मी सांगत होतो' हे वाक्य आता येणार, म्हणून तिनं मन घट्ट केलं. वाक्य आलं, पण घरापाशी, आणि तेही भलत्याच आवाजात.

"मी सांगत होतो," सासरे म्हणाले, "पण तसं नव्हतं झालं गं. मी म्हणायचो उंदीर चावेल, बिळात अडकेल. हे तर बिचारं आपल्याला बघून फुटलं."

शस्त्रक्रियेनंतर चार बोटं शेपूट उरलं. डॉक्टरबाईंनी कागद दिला. दुखापतीमुळे कापावं लागलेलं शेपूट प्रदर्शनात चालतं, मात्र हा कागद दाखवावा लागतो. सुनेनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघं वेगवेगळ्या कामासाठी एकाच गाडीतून गेले. मागच्या मैदानात कामाच्या कुत्र्यांच्या करामती होत्या, तिथे सासऱ्यांची चार भुंडी भावंडं. मुख्य मंडपात देखण्या कुत्र्यांची स्पर्धा, तिथे सून आणि डंका. सासरे मंडपाकडे बघून म्हणाले, "जा, तुझ्या लग्नाला जा." कारण आत सगळीकडे कुत्र्यांचे केस विंचरणं, पावडरी लावणं, आरसे दाखवणं चाललं होतं.

नाव मिळालं, नंबर मिळाला, लस बघून झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते शब्दशः. शेवटच्या टेबलावर कानाला पेन्सिल लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी डंकाला मागून पाहिलं आणि चष्मा कपाळावर घेतला.

"छाटलेलं चालत नाही, बाई."

"छाटलेलं नाही. दुखापत झाली होती. हा कागद."

त्यांनी कागद वाचला. मग एक जाड वही उघडून पानं उलटली.

"याच डॉक्टरांनी, याच आईच्या चार पिल्लांची शेपटं कामासाठी म्हणून छाटल्याची नोंद आहे इथे, मागच्या मैदानातल्या कुत्र्यांच्या यादीत. चौघांची छाटली आणि पाचव्याला नेमकी दुखापत?"

"हो."

"राग मानू नका. गेल्या वर्षी तीन जणांनी मला असेच कागद दाखवले होते. तिघांचे खोटे निघाले, बोलणी मी खाल्ली. मोठेपणी याला पूर्ण शेपूट होतं, एवढं दाखवा. एक फोटो दाखवा, मी लगेच सोडतो."

सुनेचा चेहरा उजळला. फोटो? फोटोंनी तर फोन भरला होता. तिनं पहिला उघडला. डंका ऐटीत उभा, डोळ्यावर ठिपका, आणि मागे एक पुसट पांढरा पट्टा. दुसरा उघडला. पुन्हा पट्टा. पन्नास फोटो झाले. डोकं लख्ख, पाय लख्ख, आणि शेपटाच्या जागी कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं.

"हे धुकं आहे," गृहस्थ म्हणाले.

"ते शेपूटच आहे हो! थांबतच नव्हतं!"

"मला धुक्याची नोंद करता येत नाही. बारापर्यंत वेळ आहे."

बाराला वीस मिनिटं होती. सून डंकाला काखेत मारून मागच्या मैदानाकडे धावली. सासऱ्यांचे कुत्रे नुकतेच गवताच्या भाऱ्यांमधून लपवलेल्या वासाचा माग काढून आले होते, लोक टाळ्या वाजवत होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. सासऱ्यांनी चारही पट्टे शेजारी आपला कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या मेंढपाळाच्या हातात दिले आणि चालू लागले.

टेबलापाशी येऊन ते म्हणाले, "या कुत्र्याला शेपूट होतं. मी सांगतो."

"आपण कोण?"

"सासरा हिचा. ती छाटलेली चार माझी."

"वा!" गृहस्थ हसले. "उंदराला मांजर साक्ष!"

मागे रांगेतले लोकही हसले. सासऱ्यांचे कान लाल झाले. सुनेला वाटलं, आता हे तोंड सोडणार आणि सगळंच संपणार. पण त्यांनी खिशातून आपला जुना फोन काढला. फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, चुकून दोनदा हवामान उघडलं, आणि मग फोन टेबलावर ठेवला.

चलचित्र सुरू झालं. गोदामातला बोळ. डंका रिकाम्या तेलाच्या डब्याला पाठ लावून उभा, डोळ्यावरचा ठिपका स्पष्ट. पूर्ण वाढलेला कुत्रा, पूर्ण वाढलेलं शेपूट, आणि डब्यावर ठण् ठण् ठण्. मग सासऱ्यांचाच आवाज, पण सुनेनं कधी न ऐकलेला, अगदी लाडात आलेला: "वाजव रे माझ्या राजा! अजून वाजव! कोण शहाणं? कोण शहाणं बाळ?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे मंडपाच्या छताकडे बघत होते.

"असे किती आहेत?" गृहस्थांनी विचारलं.

"असतील सात-आठ," सासरे पुटपुटले. सुनेनं नंतर मोजले, एकतीस निघाले.

गृहस्थांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावला. कामासाठी नव्हे, नुसता ऐकायला. मग कानावरची पेन्सिल काढून वहीत खूण केली. "जा, पळा. तुमचा गट उभा राहिलाय."

रिंगणात अकरा कुत्रे होते. परीक्षक बाई उंच, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी डंकाचे दात पाहिले, छाती चाचपली, पाठीवरून हात नेला आणि शेपटापाशी थांबल्या. चार बोटांचं शेपूट त्यांच्या तळव्यात थडथडत होतं. त्याच्या जोरानं डंकाचं सगळं मागचं धूड डुलत होतं.

"हा स्थिर उभा राहतो का कधी?"

"उंदीर दिसला की पुढून राहतो," सून म्हणाली. "मागून नाही."

बाईंना हसू आवरलं नाही.

डंका तिसरा आला. सुनेनं पिवळी फीत हातात घेतली आणि तिला रडू फुटलं. ती दोरीपाशी पोचली तर सासरे तिथे उभे, पण अभिनंदन वगैरे काही नाही. रागानं फुललेले.

"तिसरा? दुसऱ्या नंबरचा पाहिलास? खांदे पाहिलेस त्याचे? मांडणी अशी, जशी तिपाई! आणि पहिला? चालतो की सरपटतो? त्या बाईला दिसतं का?"

"बाबा, तुम्ही सगळी स्पर्धा बघितलीत?"

"मग? कुत्रे मेंढपाळाकडे आहेत की," ते म्हणाले, आणि एकदम आठवण होऊन मागच्या मैदानाकडे पळाले.

घरी येताना रस्ताभर त्यांचं तेच चाललं होतं. पुढची स्पर्धा कधी, अर्ज कुठे भरतात, ती पावडर नक्की कशाची. आपल्या चौघांतली मोठी मादी अंगानं डंकापेक्षाही नेटकी आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर ते गप्प बसले. तिला उतरवता येणार नव्हतं. कधीच नाही. ते त्यांनीच ठरवलं होतं, ती तीन दिवसांची असताना.

हिवाळा संपता संपता त्याच मादीला सहा पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सून पिल्लांच्या खोक्यापाशी बसली होती. या वेळी भांडायला काय काय मुद्दे आहेत, याची मनात जुळवाजुळव चालली होती. बाहेर सासऱ्यांचा फोनवरचा आवाज आला.

"डॉक्टरबाई, आजची वेळ नको. नाही, उद्याही नको. सगळी राहू देत." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "हो, फुटेल एखादं, माहीत आहे मला. तेव्हा येऊ तुमच्याकडे. गिरणीतली खोकी हलवून बोळ रुंद करतोय, भिंतीला पोती ठोकतोय. तेवढं तर आपल्या हातात आहे ना?"

ते आत आले. सासऱ्यांनी गुडघे मोडून खोक्यात हात घातला, एकेक पिल्लू उचलून उजेडाकडे धरलं, आणि पाचव्यापाशी थांबले.

"सूनबाई, हिच्या पाठीवर जरा हात फिरव. मला नीट बेतलेली वाटते. तुझं काय म्हणणं?"