माझ्या डिकीतली सीलबंद वायर

दोन तोंडांच्या जनावराला तुम्ही एकाच तोंडाने खाऊ घातलंत, आणि वर चारचौघांत सांगत सुटलात, "फार खाते हो ही!" मी नाव घेत नाही. ज्यांनी केलं त्यांना कळेल.

मी भोरची एक गाडी बोलतेय. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे मला पेट्रोलही भरता येतं आणि गिझर लावता तसं घरच्या प्लगलाही लावता येतं. रोजचं जाणं-येणं विजेवर करावं, लांबचा पल्ला आला की पेट्रोल आहेच. इतकी साधी गोष्ट! कारखान्यातून निघताना डिकीच्या तळाशी जाड काळी वायर ठेवली होती, सीलबंद पिशवीत. तीच माझी दुसरी शिदोरी.

माझे पहिले मालक पुण्याचे. मोठ्या हौसेने मला घरी आणलं. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आळीभर पेढे. वायरीची पिशवी बाहेर काढून तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा आत ठेवली. "सील राहू दे. विकताना बरं पडतं." सीटांवरचं प्लास्टिकही त्याच कारणासाठी निघालं नाही. माणसं वस्तू घेतात स्वतःसाठी आणि सांभाळतात पुढच्या गिऱ्हाइकासाठी. हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

बॅटरीचं ओझं अंगावर घेऊन मी नुसत्या पेट्रोलवर धावत राहिले. मायलेज कुठून येणार? शेवटी मला भोरच्या उपेंद्र वकिलांना विकलं. सीलबंद वायरीचं कौतुक तेवढं झालं, आणि वकीलसाहेबांनीही ती तशीच ठेवली.

मला चालवायची त्यांची मुलगी, नीरजा. फिजिओथेरपिस्ट. पुण्यातल्या हिंजवडी-बाणेरच्या दवाखान्यांकडे न जाता दर गुरुवारी ती मला वेल्ह्याच्या वाटेने मार्गासनीला न्यायची. तिथे चंद्राबाईंच्या गोठ्यालगतच्या खोलीत भातखाचरांत वाकून वाकून कामातून गेलेल्या कंबरा आणि गुडघे बघायची. बायका आसपासच्या वाड्यांवरून चालत यायच्या. ज्यांना चालताच येत नव्हतं त्याही यायच्या.

वकीलसाहेबांना हे पटत नव्हतं. "ही गाडी पेट्रोल नाही, घर पितेय," ते म्हणायचे. "गुरुवार बंद कर. पुण्यात नोकरी बघ. वरव्याचा सोमनाथ गाडी घ्यायला एका पायावर तयार आहे."

नीरजा चिडायची, पण पंपावरचं बिल तिलाही परवडत नव्हतं. शेवटी ती पुण्यात एक मुलाखत देऊन आली. परतताना शिवऱ्याजवळ माझं चाक पंक्चर झालं. हत्यारं शोधायला तिने डिकीचा तळ उचलला आणि 'चार्जिंग' असं छापलेली ती पिशवी तिच्या हाताला लागली. घरी पोचताच तिने ती अंगणात वकीलसाहेबांपुढे धरली.

"बाबा, ही काय भानगड आहे?"

"अगं, सील फोडू नकोस!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नवी आहे ती. किंमत असते त्याला."

"वायर नवी राहिली, आणि मी गुरुवार बंद करायला निघाले!" तिने दातांनीच पिशवी फाडली. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. गाडीलाही काटा येतो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. घाईत तिने मला घरातल्या साध्या एक्स्टेंशनला लावलं. एक्स्टेंशन तापलं, घराची वीज गेली आणि वकीलसाहेबांना अर्ध्या साबणात गार पाणी घ्यावं लागलं. बाथरूममधून त्यांनी जे भाषण केलं ते कोर्टात चाललं नसतं. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने जाड वायर ओढली आणि नवं अर्थिंग केलं. मग मी पोटभर जेवले.

वकीलसाहेब तरी हटले नाहीत. त्यांनी अट घातली. "मार्गासनीला जाऊन ये. पेट्रोलचं इंजिन एकदाही सुरू झालं नाही, तर गाडी राहील आणि तुझा गुरुवारही. झालं, तर येताना चेलाडीच्या फाट्यावर सोमनाथ उभा असेल. तिथेच किल्ली द्यायची आणि नोकरी धरायची. मंजूर?"

"मंजूर. तुम्हीही चला. डोळ्यांनी बघा."

भोरहून मी इतकी गुपचूप निघाले की वाटेतल्या कोंबड्यासुद्धा हलेनात. पण मार्गासनी येईतो बॅटरी तळाला गेली. परतीसाठी पुन्हा जेवायला हवं होतं. चंद्राबाईंच्या गोठ्यात कडबाकुट्टी यंत्राचा दणकट प्लग होता. नीरजा वायर घेऊन धावली.

"थांबा वो डागतरीनबाई," चंद्राबाईंनी हात आडवा केला. "आदी म्हशीचं. तुमची गाडी काय दूद देती व्हय?"

म्हशीचा चारा कुटून झाला. मग माझा नंबर लागला. जरा कुठे घास उतरतोय, तोच लाईट गेली!

"बघ," वकीलसाहेब खूश होऊन म्हणाले, "लाईटसुद्धा माझ्या बाजूने साक्ष देतेय."

लाईट येईपर्यंत ते ओट्यावर बसले. शेजारच्या बनाबाई खोलीतून बाहेर आल्या आणि त्यांच्या पुढ्यातच उभ्या राहिल्या.

"वकीलसायेब, हिकडं बगा." त्या सावकाश उकिडव्या बसल्या आणि भिंतीला हात न लावता उठल्या. "आखाडात मला बसता येत न्हवतं. लावणी बांदावरनं बगितली म्या. पोरीवानी रडले. आता कापणीला मीच उतरनार. सुनंला सांगितलंय, माजा इळा मला ठिव."

"छान, छान," वकीलसाहेब म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"छान काय? पोरीला कापणीपतूर येऊ द्या. न्हाईतर भोरला येऊन तुमच्या दारात बसंन. आता मला बसता येतंय!"

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. वकीलसाहेब मात्र चष्मा पुसत राहिले.

उशिरा लाईट आली, पण पोट भरायला वेळ कुठे होता? आम्ही निघालो. मी जीव तोडून ओढत होते. उतारावर नीरजाने पाय आवरला की विजेचे चार थेंब परत मिळायचे, तेही जपत होते. पण नसरापूरच्या अलीकडे चढ लागला आणि माझं इंजिन घुर्रर्र करून जागं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐकलंत ना?" नीरजा म्हणाली. तिने मला तशीच चेलाडीकडे नेलं.

चेलाडीला सोमनाथ उभाच होता. त्याने मला चारी बाजूंनी पाहिलं, डिकी उघडली. "वकीलसायेब, वायरीचं सील कुटंय? तुमी तर नवी हाय म्हनला व्हता."

"सील फुटलं. वायर वापरात आहे."

"मग भाव कमी करावा लागंल."

"भावाचं राहू दे, सोमनाथ. गाडी द्यायची नाही."

नीरजा बापाकडे बघतच राहिली. "आणि तुमची अट?"

"लाईट गेली तर काय, याची तरतूद अटीत नव्हती. अट रद्द." ते माझ्यात बसले आणि दार ओढून घेतलं. "चल. आणि पुढच्या खेपेला जरा सकाळी लवकर निघ."

आता मी रोज रात्री जेवते. लांबच्या चढाला अजूनही पेट्रोलचा घोट लागतो. त्याची मला लाज वाटत नाही. पण तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, तर आजच तिच्या डिकीचा तळ उचला. सील फोडा. ज्या गुरुवारासाठी गाडी घेतलीत, तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावाने पुढे ढकलू नका.

परवा आम्ही मार्गासनीला पोचलो, तेव्हा गोठ्यातला प्लग रिकामा होता. नीरजाने विचारलं, "मावशी, म्हशीचं व्हायचंय ना आधी?"

"तिचं म्या पहाटंच उरकलं," चंद्राबाई म्हणाल्या. "हिला घाला आदी. लांबनं आलीया."