बासष्ट टक्के

अनुजाच्या छातीवर मधोमध लांब वण आहे. पाच वर्षांची असताना काळजाला भोक निघालं, ऑपरेशन झालं, भोक बुजलं. पण तिच्या बापानं, बाळासोंनी, ते गावासमोर उघडंच ठेवलं.

बाळासो दूध संस्थेचे चेअरमन. कुणी दुधात पाणी घातलं की भर रांगेत त्याची अब्रू काढणार. अनुजा बावीस वर्षांची झाली, पेठ वडगावचं स्थळ आलं, तर यांनी तपासणीचा कागद आपणहून पुढं केला. "एका ठोक्याला बासष्ट टक्केच रगत भाईर फेकतंय काळीज. अडतीस टक्के कमीच की! आमच्या घरात लपवाछपवी जमत न्हाय." पावणं अर्धा चहा टाकून उठले. अशी तीन स्थळं गेली. लग्नाला अधू ठरलेली पोर चार म्हशींचं शेण काढायला आणि भरलेला कॅन उचलायला मात्र धडधाकट. वा रे न्याय!

आता चौतिसाव्या वर्षी बिद्रीच्या धैर्यशीलचं स्थळ आलं. बायको वारलेला, सरळ माणूस. अनुजाला तो मनापासून आवडला. या खेपेला कागद आपणच समजून घ्यायचा म्हणून ती सकाळच्या एसटीनं एकटी कोल्हापूरला गेली.

जुन्याच डॉक्टरांनी तपासलं. "बासष्ट. तेव्हाही एवढंच होतं. झकास!"

"आणि उरलेलं अडतीस?"

डॉक्टर हसले. "अहो, शंभर कुणाचंच नसतं. माझं साठ आहे. खुशाल लग्न करा. तुमच्या वडिलांना बारा वर्षांपूर्वी दोनदा समजावलं होतं की मी."

ती घरी आली तर बाळासो सोप्यात फोनवर. "व्हय पावणं, बासष्टच. आधी सांगितल्यालं बरं." फोन ठेवून म्हणाले, "बिद्रीकर नगो म्हणालं."

"आबा, डॉक्टरनी तुमास्नी सगळं सांगितलंतं."

"सांगितलंतं. मग?" त्यांनी मानही वर केली नाही. "तुझी आई त्याच साली गेली. तू गेल्यावर म्हशींचं कोण बघणार? माझं कोण बघणार? चल, धारंची येळ झाली."

हा म्हातारा आत्ता इथंच मरावा, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही. तिनं चारी म्हशींच्या धारा काढल्या. मग पाण्याची घागर उचलली आणि मापानं कॅनमध्ये ओतली. बासष्टाला अडतीस.

संस्थेत संध्याकाळची रांग लागलेली, बाळासो खुर्चीत. चेअरमनच्या घरच्या दुधाचं फॅट कधी सातच्या खाली आलेलं नव्हतं. दूध तपासणाऱ्या गुंडूनं नमुना मशीनला लावला आणि आकड्याकडं बघतच राहिला.

"वाच की मोठ्यानं," अनुजा म्हणाली.

"चार पॉइंट तीन." गुंडू खुर्चीकडं वळला. "चेअरमन, पाणी हाय."

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. बाळासो अर्धे उठले आणि परत खुर्चीत बसले.

"अडतीस टक्के हाय," अनुजानं सगळ्या रांगेला सांगितलं. "आमच्या घरात लपवाछपवी जमत न्हाय."