आधी दोष, मग हात

धाकटीने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून चेहऱ्याची निगा राखायचं रीतसर शिक्षण घ्यायचं मनात आणलं आणि ही बातमी तिने घरात जेवताना सांगितली. तोंडात घास असला की माणसं जरा कमी बोलतील, असा तिचा अंदाज. पण त्या घरातल्या माणसांच्या तोंडात घास आणि टोमणा एकाच वेळी सहज मावायचे.

"म्हणजे पार्लरवाली होणार," आई म्हणाली.

"पार्लरवाली नाही गं. एस्थेटिशियन. त्वचेचा सगळा अभ्यास असतो त्यात."

"अभ्यास! दुसऱ्याच्या नाकावरचे काळे ठिपके काढायचे, त्याला अभ्यास लागतो होय?"

मामा जेवायलाच आला होता. त्याला मत विचारावं लागत नाही, ते तयारच असतं. "अगं, माणसं सकाळी उठून आपापलं तोंड आपणच धुतात," तो म्हणाला. "या धंद्याला भवितव्य काय?" लग्न होऊन गेलेली थोरली बहीण फोनवरून ओरडली, "करच तू! मला फुकट करशील ना?" बाबांनी पुन्हा भाजी वाढून घेतली. घरात वाद पेटला की बाबा भाजी वाढून घेतात, त्यामुळे त्यांचं वजन दरवर्षी वाढत चाललं होतं.

आता हे खूळ धाकटीच्या डोक्यात शिरलं कुठून? तर त्या चष्म्याच्या दुकानातूनच. नवीन फ्रेम नाकावर ठेवायची, कानामागे बोटाने हळूच दाबून बसवायची, एवढंच तिचं काम. पण ती बोटं कानामागे गेली की गिऱ्हाईक आपोआप डोळे मिटायचं. कितीही तिरसट माणूस असू दे, आत येताना दुकानदाराशी कडाकडा भांडलेला असू दे, तेवढ्यापुरता तो चेहरा तिच्या हाती देऊन मोकळा व्हायचा. मग डोळे उघडून तो किंमत विचारायचा आणि सगळी मजा जायची. धाकटीला वाटायला लागलं, नुसतं तेवढंच काम दिवसभर करता आलं तर काय बहार येईल! आपल्याला आयुष्यात काही मनापासून करावंसं वाटलं, असं तिच्या बाबतीत हे पहिल्यांदाच होत होतं. तिशी उलटत आली होती. आत्ता पाऊल टाकलं नाही तर जन्मभर लोकांच्या नाकांवर फ्रेमाच ठेवत बसू, ही धास्ती तिला लागून राहिली होती.

आणि आईचं म्हणाल, तर नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटी सकाळी खोलीबाहेर आली रे आली की पाढा सुरू. कपाळ केवढं ते. रंग बापाचा, निदान नाक तरी माझं घ्यायचं होतंस. केस असे मागे ओढून बांधू नकोस, सोललेल्या बटाट्यासारखी दिसतेस. वर पुन्हा, "मी नाही सांगणार तर कोण सांगणार?" हे मात्र खरं होतं, कारण दुसरं कोणी काही सांगत नसे. मग धाकटी तोंडाला कुलूप लावून चहा प्यायची आणि दुकानात निघून जायची.

तिने जी संस्था निवडली होती ती एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, पांढरे कोट, सगळीकडे औषधाचा वास. आपण काहीतरी गंभीर करतो आहोत असं वाटावं म्हणून एवढा खटाटोप. तिथल्या मॅडमचा चेहरा इतका ताणलेला होता की हसू ओठांपर्यंत यायचं आणि पुढे वाट न सापडून परत जायचं. प्रवेशासाठी परीक्षा होती. प्रत्येकीने घरून एक चेहरा आणायचा. चेहऱ्याबरोबर जे माणूस येईल, त्याच्याबद्दल कुठेच काही म्हटलेलं नव्हतं.

धाकटी थोरलीला नेणार होती. ऐन वेळी थोरलीचं पोर तापाने फणफणलं आणि आई म्हणाली, "मी येते." मदत करायला नव्हे हं! हे सगळं एकदाचं निकालात काढायला. जाताना तिने ठेवणीतली साडी नेसली.

"आपल्या संस्थेचा एकच नियम," मॅडमनी जमलेल्या पोरींना सांगितलं. "आधी दोष, मग हात. बाई खुर्चीत आडवी झाली की भिंगाचा दिवा चेहऱ्यावर आणायचा आणि एकेक दोष मोठ्याने सांगायचा. ते झाल्याशिवाय चेहऱ्याला बोटही लावायचं नाही."

पहिली मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन आली होती. दिव्याखाली पाच-सात वेळा वाकून बघितल्यावर ती म्हणाली, "छान आहे की चेहरा."

"छान चेहऱ्याला तुम्ही विकणार काय?" मॅडमनी विचारलं.

मुलगी गोरीमोरी झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "छान कुठला? डोळ्यांखाली काजळ सांडल्यागत काळं झालंय. भुवया एक वर, एक खाली. हनुवटीवर मुरुमं फोडून फोडून खड्डे पाडलेत. आणि ओठांवरची लव? ती काय चष्मा लावून बघायची?"

धाकटीने कपाळाला हात लावला. आईच होती ती.

खुर्चीतल्या मैत्रिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र, जमेल तेवढा, आनंद पसरला. "वा! तुम्ही कुठे शिकलात?"

"घरीच," आई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या या गुणाचं कोणी कौतुक केलं होतं. ती नुसती फुलून गेली. ज्या धंद्याला सकाळपर्यंत नाकं मुरडत होती, तो आता तिला बराच प्रतिष्ठित वाटायला लागला.

मग धाकटीची पाळी आली. आई खुर्चीत आडवी झाली आणि दिवा खाली आला. भिंगातून आईचा चेहरा परातीएवढा दिसायला लागला. धाकटीने आईकडे इतक्या जवळून, इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. बघायची सोयच नसायची, तोंड सतत चालू असायचं.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"कपाळावर आठ्या आहेत," धाकटीने चाचरत सुरुवात केली. आणि मग काय झालं कोण जाणे, धरण फुटावं तसं झालं. "आठ्या कायमच्या झाल्यात, कारण रोज सकाळपासून घातल्या जातात. नाक मुरडून मुरडून नाकाशेजारी घडी पडलीय, ती आता कुठल्याही क्रीमने जाणार नाही. ओठांची टोकं खाली ओढलेली आहेत, बोलत नसतानासुद्धा काहीतरी लागट बोलल्यासारखी दिसतात. दोन्ही गालांवर वांग. गळ्याकडे तर कुणी कधी लक्षच दिलेलं नाही. रंगाचं म्हणाल तर लोकांच्या रंगाला नावं ठेवण्याइतका हाही काही उजळ नाही."

शब्द तिचे होते, पण आवाज आईचा होता. तोच ठसका, प्रत्येक वाक्याशेवटी तोच झटका. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "हिच्या रक्तातच आहे! जागा पक्की."

आईने पदराखालून हात काढून हळूच स्वतःच्या गालाला लावून बघितला. "इतकं?" तिने विचारलं. एवढुसा आवाज होता तो.

धाकटीला मजा आली होती. खोटं कशाला बोलायचं, मनापासून मजा आली होती. आणि त्या मजेचीच तिला भीती वाटली. या विद्येत आपण पहिल्या येऊ, हे तिला स्वच्छ दिसलं. उद्यापासून रोज एकेका बाईला असं आडवं पाडायचं आणि असंच "इतकं?" ऐकायचं. वर त्याचं प्रमाणपत्र मिळणार.

तिने दिवा बाजूला सारला. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल आईच्या चेहऱ्यावर ठेवला, तो काढून बोटांना तेल लावलं आणि कपाळाच्या मधोमधून कानशिलांकडे हात फिरवायला लागली. आईचे डोळे मिटले. जबडा दगडासारखा घट्ट होता. धाकटी तिथेच रेंगाळली, दुकानात कानामागे रेंगाळायची तशी, पण इथे घाई करायला कोणी गिऱ्हाईक नव्हतं. हळूहळू जबडा सुटला. मग तोंड थोडं उघडलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र गंभीर खोलीत आई चक्क घोरायला लागली. पोरी फिदीफिदी हसल्या.

"झोपू देऊ नका!" मॅडम कुजबुजल्या. "आत्ता पॅकेज सांगायचं. मन दुखलेलं असतं तोवरच बायका घेतात. उठवा त्यांना."

"नाही उठवणार."

"मग तुमची जागा मी दुसरीला देईन."

"द्या," धाकटी म्हणाली. हात तिने थांबवले नाहीत. "मला शिकायचंच आहे, मॅडम. पण हे मला आधीपासून येतं, त्यासाठी तुमच्याकडे कशाला यायचं?"

आई जागी झाली तेव्हा खोलीत धाकटी आणि फरशी पुसणारी बाई, एवढ्याच उरल्या होत्या. मायलेकी जिना उतरून रस्त्याला लागल्या. आईचा चेहरा तेलाने चमकत होता आणि ती काहीच बोलत नव्हती. हे इतकं नवीन होतं की धाकटीला चालताना दोनदा वळून बघावं लागलं.

"दुसरीकडे नाव घालणार आहे मी," ती म्हणाली. "बोटांचं काम शिकवतात अशा ठिकाणी. दुकान सोडणार म्हणजे सोडणार."

आईने मान हलवली. कोपरा आला तेव्हा ती थांबली. "तू सांगितलंस ते सगळं खरं होतं?"

"हो."

"फार लागलं गं." आई समोरच्या रहदारीकडे बघत राहिली. "मी बोलते ते तुलाही असंच लागतं?"

"रोज."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू थांबलीस कधी?"

आईने सवयीने तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि रस्ता ओलांडायला मुलीचा हात धरला.