सतरा मिनिटे

आप्पा गेल्यावर बावीस दिवसांनी वेधशाळेचे पत्र आले. पाकिटावर नाव त्यांचेच होते; गावच्या पोस्टाने ते माझ्या पत्त्यावर धाडले होते.

'आपण आवाज बारा वाजून नऊ मिनिटांनी सुरू झाल्याचे लिहिले आहे. आमच्या यंत्रांवर तो अकरा बावन्नला आला. सतरा मिनिटांचा फरक पाहता, आपण ऐकलेली खरखर रेडिओतील दोषामुळे असावी. नोंद स्वीकारता येत नाही.'

माझे वडील आप्पा मिरजगावजवळच्या आमच्या गावात हेडमास्तर होते. दोन वर्षे रोज दुपारी ते शाळेच्या रेडिओचा काटा जिथे कुठलेच स्टेशन नाही अशा जागी ठेवून ऐकत बसले. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तप्त वायूचा लोळ बाहेर फेकला जातो, त्याबरोबर रेडिओ लहरीही निघतात. रेडिओवर त्यांची नुसती खरखर ऐकू येते. गाव म्हणे, मास्तरांना स्टेशन लागत नाही.

बहात्तरच्या ऑगस्टात, आभाळ कोरडे ठणठणीत असताना, एका शुक्रवारी ती खरखर आली. आधी थोडी, मग थांबून पुन्हा, पत्र्यावर वाळू ओतावी तशी. आप्पांनी वहीत उतरवले, पाठवले आणि उत्तराची वाट पाहतच गेले.

पत्र तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आले. शाळेचे घड्याळ! पोरे वेळेवर यावीत म्हणून आप्पांनीच ते पुढे करून ठेवले होते. त्या दिवशी घाईत त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि स्वतःचीच युक्ती विसरले.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. नव्या हेडमास्तरांनी आल्या आल्या घड्याळ बरोबर करून टाकले होते. उरला शिपाई भीमा.

"भीमामामा, घड्याळ किती पुढं असायचं? वेधशाळेशी सतरा मिनिटांचा फरक पडतोय."

बोलले आणि जीभ चावली.

"सतरा? मग सतराच हुतं की ताई."

"आठवून सांगा. पंधरा होतं? वीस?"

"त्यांच्या मशिनीत सतरा हाय न्हवं? मग आपलं कमी कशापायी? लिवा तुमी, मी सही करतो. गुरुजींनीच शिकिवली हाय."

संध्याकाळी शाळेत पाणी भरणाऱ्या दगडाबाईला गाठले.

"सतरा मिन्टं, बाई. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

"तुम्हाला घड्याळ कळतं?"

"न्हाई बा. मगाशी भीमा सांगून गेला."

चहाच्या टपरीवर तर मी विचारायच्या आधीच दोघांनी सतरा सांगितले.

कुणावर चिडावे कळेना. भीमावर? त्याला गुरुजींचे नाव राखायचे होते. चौथीत उत्तर बरोबर असूनही रीत दाखवली नाही म्हणून आप्पांनी मला तासभर उभे केले होते. आता उत्तर माझ्या हातात होते आणि रीत मीच घालवली होती. सतरा लिहून पाठवणे सोपे होते. आप्पांनी ते पत्र फाडले असते.

सकाळी शाळेच्या पायरीवर बसून आप्पांची वही पुन्हा उघडली. पहिली खरखर बारा नऊ. दुसरी बारा अठरा. मी एकातून दुसरा वजा केला, मग कागद घेतला.

'घड्याळ पुढे होते. किती, ते मला सिद्ध करता येत नाही. पण दोन आवाजांमध्ये नऊ मिनिटे गेली. घड्याळ कितीही पुढे असले तरी ती नऊच राहतात. आपल्या यंत्रांवर हे अंतर किती आले, ते कृपया कळवावे. तेही नऊच असेल, तर तो रेडिओचा दोष नव्हता.'

भीमा मागे येऊन उभा राहिला होता. "सतरा लिवलं न्हवं?"

"नऊ लिहिलं."

त्याचे तोंडच उतरले. "नऊ कुठनं काडलं ताई? समद्या गावाला सतरा सांगून बसलो मी." मग जरा विचार करून म्हणाला, "बरं. जाऊन नऊ सांगू का?"

"नको, मामा," मी पाकीट चिकटवत म्हणाले. "त्यांचं उत्तर येईपर्यंत कुणाला काहीच सांगू नका."