मिरवणुकीचं ट्यूनिंग

आनंदा मिस्त्रीच्या हातात जादू होती आणि जिभेला हाड नव्हतं. उधना तीन रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजात गाडी आणायची म्हणजे आधी मालकाने शिव्या खायच्या, मग गाडी बरी व्हायची. तरी लोक पार पलसाण्याहून त्याच्याकडे येत, कारण त्याला बिघाड सापडला नाही असं कधी झालं नव्हतं. आणि सापडलेला बिघाड तो कानात सांगत नसे. समोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगे.

चंद्रभागेला नेमकी त्याचीच धास्ती होती. तिचा नवरा सोमा गाडी ढकलत पुढे चालला होता आणि ती मागून येत होती. गाडीत काय असेल ते असो, सोमाचा उजवा हात थरथरतो हे तिला वर्षभर ठाऊक होतं. बशीतला चहा सांडला की तो म्हणे, बशीच वाकडी आहे. तीही म्हणे, हो, वाकडीच. मिलमध्ये फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस. त्याच्या हाताला चारचौघांत कुणी नाव ठेवलं असतं तर तो खचलाच असता.

गाडी होती जुनी इंग्लिश ट्रायम्फ मोटारसायकल, दोन सिलिंडरची, दोन कार्बुरेटरची. नानपुऱ्यातल्या पारशी शेठनी घर बंद करताना ती सोमाला देऊन टाकली होती. तेव्हापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे हीच गाडी असे, हँडलवर सोमा आणि मागे निळा झेंडा धरून चंद्रभागा. गेल्या जयंतीला मात्र ती गचके खात चौकाचौकात बंद पडली. मंडळाचा अध्यक्ष बुद्धभूषण काही उर्मट पोरगा नव्हता, पण मागे अख्खी मिरवणूक खोळंबते म्हटल्यावर तो तरी काय करणार? "काका, औंदा एकदा जरी बंद पडली, तर पुढं टेम्पो लावू," असं तो सांगून गेला होता. ते ऐकल्यापासून सोमाचं जेवणात लक्ष नव्हतं.

आनंदाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कार्बुरेटरच्या तारेला बोट लावलं.

"काका, ही तार कोणी टाकली?"

"म्या."

"लूमच्या भंगारातली?"

"तुटली होती बापा. मंग काय करू?"

"लूमवर कापड विणतात, काका! ही तार आधी ताणते अन् मग हलते. डावा कार्बुरेटर उठून कामाला लागला तरी उजवा आपला आळोखेपिळोखे देत पडलाय!"

लारीवर हशा पिकला. सोमाही ओशाळून हसला. उधन्यात काहीही मोडलं की ते लूमच्या भंगारातूनच जोडायची प्रत्येकाला खोड, त्यामुळे हसणाऱ्यांपैकी एकही धुतल्या तांदळाचा नव्हता.

आनंदाने कार्बुरेटर उघडून धुतले, तार बदलली. मग उदबत्तीच्या पुड्यातून दोन काड्या काढल्या आणि बंद गाडीच्या दोन्ही कार्बुरेटरच्या तोंडांत एकेक अडकवली. एक्सलेटर पिळला की आतली स्लाइड उठे आणि काडीचं बाहेरचं टोक खाली झुके. आधी डावी काडी झुकली, अंमळ मागून उजवी. त्याने तार किंचित ताणली, पुन्हा पिळून पाहिलं, पुन्हा सैल केली. असं करता करता दोन्ही काड्या एकदम झुकल्या, एकाच वेळी पाया पडणाऱ्या दोन जावांसारख्या. नंतर गाडी सुरू करून ती आधी एकट्या डाव्या सिलिंडरवर चालवली, मग एकट्या उजव्यावर, आणि दोन्हींचा दम सारखा होईपर्यंत तो स्क्रू फिरवत राहिला. शेवटी दोन्ही सायलेन्सरमागे एकेक तळवा धरून डोळे मिटून बसला. चंद्रभागा बघतच राहिली. इतक्या निगुतीने काम करणारा माणूस इतका तोंडाळ कसा, हे कोडं तिला काही सुटेना.

आनंदाने चक्कर मारली तेव्हा गाडी लोण्यासारखी चालली. मग सोमा बसला. गाडी उसळली, थबकली, पुन्हा उसळली आणि लारीसमोर जाऊन बंद पडली.

आनंदा तरातरा गेला. तोंड उघडलेलंच होतं. तेवढ्यात त्याला एक्सलेटरच्या मुठीवरचा सोमाचा हात दिसला. हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर दोन्ही तारा.

"काय आनंदा," लारीवाला शालिग्राम ओरडला, "बिघाड गाडीचा का चालवणाऱ्याचा?"

चंद्रभागेचा जीव टांगणीला लागला. तिने पदर तोंडाशी धरला.

"माझा!" आनंदा गरजला. "मी गाढव! हायवेला पळायची असल्यासारखी ट्यून केली मी. अरे, हिला माणसांच्या पावलानं चालायचंय! एवढंही कळत नसेल तर मिस्त्री कशाला म्हणवून घ्यायचं?"

स्वतःलाच इतकं बोलताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

तो पुन्हा मांडी घालून बसला. एक्सलेटरला हात न लावता, नुसत्या आयडलिंगवर, दोन माणसं घेऊन पहिल्या गियरमध्ये चालायचं तर दोन्ही कार्बुरेटरचा श्वास एकच हवा. जरा मागेपुढे झाला की गाडी दम तोडते. आनंदा जेवला नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे त्याने पाहिलं नाही. उन्हं कलली तेव्हा गाडी त्या दोघांना घेऊन आपली आपण चालू लागली.

"मुठीला हात लावायचा नाही, काका. क्लच हळूच सोडा अन् गप बसा. हात लावलात तर माझं ट्यूनिंग बिघडेल, मग गाठ माझ्याशी आहे!"

चंद्रभागेला त्याचे पाय धरावेसे वाटले. ती "भाऊ" एवढंच म्हणाली, तर तो तिच्यावरच घसरला, "काकी, झेंडा सरळ धरा! गेल्या साली वाकडा होता."

जयंतीला मिरवणूक निघाली. ढोल-ताशांच्या पुढे गाडी माणसांच्या पावलाने चालत होती. दोन चौक गेले, तिसरा गेला, गाडी एकदाही अडखळली नाही. बुद्धभूषण बाजूने चालता चालता हसला आणि पुढे निघून गेला.

"निशाचे माय," सोमा मागे न बघता म्हणाला, "आनंदानं माहा हात पायला होता."

चंद्रभागेने झेंड्याची काठी घट्ट धरली.

"पायला, पन बोलला नाही. अन् तू त वर्षभर नाही बोलली."

तेवढ्यात रस्त्याच्या कडेने "जय भीम, काका!" अशी हाक आली. वर्षभर खिशात, पंच्याखाली, पाठीमागे लपवलेला उजवा हात सोमाने मांडीवरून उचलला आणि सगळ्यांच्या देखत उंच केला. तो थरथरत होता, आणि सोमाने तो खाली घेतला नाही.

"जय भीम!" सोमा म्हणाला, आणि गाडी चालत राहिली.