धूर कुठे जातो

यंत्राने व्हर्लिनच्या गाडीच्या धुराला धूर मानायलाच नकार दिला.

टूसॉनच्या तपासणी केंद्रातली पोरगी चांगली होती बिचारी. तिने मोजायची नळी सायलेन्सरमध्ये घातली, काढली, पुसली, पुन्हा घातली. पडद्यावर तेच. मागे रांगेतल्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तसा व्हर्लिन खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "सांगितलं नव्हतं? डचेस सोडते ती नुसती हवा. डब्यात भरून इस्पितळाला विकावी अशी."

"हवाच आहे, आजोबा," पोरगी म्हणाली. "तोच तर घोळ आहे. धूर मागपर्यंत येतच नाहीये. मधेच कुठेतरी जातोय. कुठे जातोय ते बघून या, मग तपासू."

डचेस म्हणजे व्हर्लिनची घरगाडी, चाकांवरचं राहतं घर. लांबीला एवढी, की पुढचं चाक ॲरिझोनात शिरलं तरी मागचं चाक न्यू मेक्सिकोत जेवत असायचं. घाटाला लागली की मागे अडकलेल्या गाड्यांतली माणसं म्हातारी होत. एकदा एक नवरी मागे अडकली होती, ती चर्चमध्ये पोचली तेव्हा पाद्रीने तिला आजीबाई म्हणून हात धरून उतरवलं, असं व्हर्लिन स्वतःच सांगायचा. पेट्रोल तर अशी ढोसायची, की तिला येताना पाहून पंपवाला बायकोला फोन करून सांगे, नवा पलंग घेऊन टाक.

पण एवढी जुनी, एवढी खादाड गाडी दरवर्षी धुराच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास व्हायची. ते मात्र खोटं नाही. घरगाड्यांच्या त्या वस्तीत, जिथे बाकीच्यांना चार-चार खेपा पडायच्या, तिथे व्हर्लिन म्हणजे वैदूबुवा. तपासणीचा महिना आला की सगळे त्याच्या दारी. तो खुर्ची टाकून बसायचा आणि औषध सांगायचा. तेल ताजं घाला. टाकीत स्पिरिटची बाटली ओता. परीक्षेआधी गाडी खिंडीपर्यंत पळवून लालबुंद तापवा, आणि रांगेत इंजिन बंद कराल तर माझ्याकडे रडत येऊ नका. शेजारची ओलेटा हे सगळं करूनही नापास व्हायची. तिला तो सांगायचा, "औषधाला हात लागतो, ओलेटा. तुझ्या हातात ते नाही."

आणि आता त्याची स्वतःची गाडी परत पाठवली होती.

ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. वस्तीचा नियमच तसा. नंबरपाटीवर परीक्षा पास झाल्याची चालू वर्षाची चिकटी नसेल तर महिनाअखेर गाडी फाटकाबाहेर. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, पण मागच्या वर्षी त्याने एका लंगड्या बाईलासुद्धा बाहेर काढलं होतं आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. व्हर्लिनने कॅन्ससमधलं घर केव्हाच विकलेलं. मूल नाही. बायको आर्डिथ ऑक्टोबरात गेली. आता त्याला जग असं जे होतं ते त्या पत्र्याच्या खोलीत होतं. तिची फुलाफुलांची गोधडी, तिचे चष्मे, सिंकशेजारी तिने वाढवलेलं निवडुंगाचं बोटभर रोप. ते फाटकाबाहेर नेऊन ठेवणार कुठे?

म्हणून तो गाडी तशीच चुईकडे घेऊन गेला. चुई बाराझाचं सायलेन्सर जोडायचं दुकान, रेल्वेरुळांपलीकडे. चुई त्याला मानाने डॉन व्हर्लिन म्हणायचा. त्यावर आर्डिथ दरवेळी विचारायची, कुठल्या टोळीचा रे, आणि चुई दरवेळी तितकाच हसायचा.

चुई बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. पाय तेवढे बाहेर. व्हर्लिन बादली पालथी घालून बसला आणि त्याला गोष्ट सांगायला लागला, एका खेचराची, जे पेट्रोल पिऊन शर्यत जिंकलं होतं. खेचर शेवटच्या वळणावर आलं होतं, तेव्हा गाडीखालून चुई म्हणाला, "डॉन, इथे वरती काय येतं?"

"कुठे?"

त्याने खालून दोनदा ठोकलं. व्हर्लिनने कान देऊन आवाजाची जागा ओळखली.

"पलंग."

चुईने बॅटरी विझवली. मग सरपटत बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, गादी उचलून बघावी लागेल.

दोघांनी गादी उचलली. खालची फळी एका कडेला कुजून भुगा झाली होती आणि भोकाभोवती काजळी धरली होती, चुलीच्या तोंडाला धरते तशी. गादीच्या पाठीवरही तसाच काळा डाग, ताटाएवढा. चुईने फळीतून हात घातला तो थेट नळीपर्यंत गेला. नळी गंजून इतकी फाटली होती की त्याच्या चार बोटांना सहज वाट मिळाली.

"हे आजचं नाही," चुई म्हणाला. "वर्षानुवर्षांचं आहे. थोडं थोडं मोठं होत गेलंय."

पुढचं त्याने विचारलं नाही. आर्डिथच्या अंत्यविधीला तो होता.

इंजिन पुढे, दोन खुर्च्यांच्या मधोमध. त्याचा आवाज आर्डिथला सोसत नसे, म्हणून गाडी चालू झाली की ती मागे जाऊन आडवी व्हायची. या गाडीत माझं डोकं भणभणतं, म्हणायची. व्हर्लिन आरशात बघून म्हणायचा, तुझं डोकं लग्नापासूनच भणभणतंय, त्यात गाडीचा काय दोष. पाणी पी. ती पाणी प्यायची. पलंगावरच्या भिंतीला विषारी वायू साठला की वाजणारा एक भोंगा होता, तो तिला डुलकीसुद्धा घेऊ देईना. उगाच बोंबलतो मेला, म्हणून एका दुपारी दोघांनी मिळून तो उपटला आणि खिडकीतून फेकला. व्हर्लिनने नेम धरून फेकला होता, एका खांबावर. लागल्यावर आर्डिथने टाळ्या वाजवल्या होत्या.

ऑक्टोबरात ते उत्तरेकडच्या डोंगरातून खाली येत होते. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं. खिडक्या सगळ्या घट्ट. आर्डिथ गोधडी घेऊन मागे गेली आणि व्हर्लिन गाणी म्हणत गाडी हाकत राहिला. वाटेत मोठ्या शिंगांच्या हरणांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्याने गाडी थांबवली आणि तिला हाक मारली. बघ तरी, एवढाले आहेत, नंतर म्हणशील मी थापा मारतो. ती आली नाही. कळप गेला. तिच्यावर चिडतच तो उठून मागे गेला.

हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. वयही होतं. अंत्यविधीला ओलेटा म्हणाली, किती गोड दिसतेय, गालांवर गुलाब फुललेत. ते वाक्य व्हर्लिनला फार आवडलं. पूर्ण हिवाळाभर जो भेटेल त्याला तो सांगत होता, माझी आर्डिथ गेली ती गालांवर गुलाब घेऊन. थापा मारणाऱ्या माणसाची एवढीच एक गोष्ट जशीच्या तशी खरी होती.

"डॉन," चुई म्हणाला, "गुलाबी रंग..."

"माहीत आहे," व्हर्लिन म्हणाला. "माझा एक काका कोळशाच्या खाणीत होता. आत विषारी वायू कोंडून मेले, तेव्हा सगळे तसेच गुलाबी निघाले होते."

मग त्याने विचारलं, नळी बदलायला किती वेळ लागेल.

चुईने नवी नळी घातली, फळी बदलली, वर पत्रा ठोकला. गादी त्याने न विचारता मागच्या अंगणात नेऊन ठेवली. आता धूर सगळा मागे जात होता. आणि गंमत बघा, नीट झालेली गाडी परीक्षेला नेली तर ती अशी धडधडीत नापास झाली की यंत्र कळवळलं. विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी वर. व्हर्लिनने आपलं सगळं औषध करून पाहिलं. ताजं तेल, स्पिरिट, खिंडीपर्यंत दौड. पुन्हा नापास.

"माझा हात गेला," तो चुईला म्हणाला.

चुई कार्बोरेटर उघडून बसला होता. मान वर न करता तो बोलला. मायेचा माणूस, पण बोलला.

"हात कधीच नव्हता, डॉन. इतकी वर्षं गाडी पास होत नव्हती, भोक पास होत होतं. धूर आत राहायचा, मागे पोचायचा तो पातळ होऊन. ते बिचारं यंत्र तेवढंच मोजायचं."

व्हर्लिन पालथ्या बादलीवर बसून राहिला. पुढे चुईने दोन दिवस खपून कार्बोरेटर साफ केला, हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण जुळवलं, ठिणगीचे प्लग बदलले. व्हर्लिनने तेवढे दिवस एकही गोष्ट सांगितली नाही. ते खेचर तसंच शेवटच्या वळणावर उभं राहिलं. रात्री तो चुईच्या दुकानात बाकावर झोपायचा. घरी ये म्हटलं तर नको म्हणायचा. गाडीत झोपायचा तर विषयच नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी डचेस पास झाली. त्या पोरीने कागद हातात दिला आणि म्हणाली, "ठणठणीत आहे, आजोबा. या वयाची गाडी एवढी स्वच्छ मी पाहिली नाही."

"आता धूर कुठे जातोय?"

"मागून. बाहेर."

"सगळा?"

"सगळा."

"नक्की ना, बाई?"

ती हसली. दरवर्षीचा चेष्टेखोर म्हातारा, तिला वाटलं काहीतरी फिरकी घेतोय. पण तो तसाच उभा राहिला, कागद दुमडायचाही विसरून, तेव्हा ती चाचरली आणि म्हणाली, "नक्की."

संध्याकाळी तो वस्तीत शिरला तर सगळे वाट बघत होते. ओलेटाने पातेलंभर राजम्याचा रस्सा केला होता, मक्याचा पाव भाजला होता. व्यवस्थापकाने नंबरपाटीवरची चिकटी बघितली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. कुणीतरी खुर्ची आणून मधोमध टाकली. बस वैदूबुवा, आमच्या गाड्यांचा महिना उद्या लागतोय, पुढच्या आठवड्यात जायच्यात, यंदा काय औषध आहे ते सांग. ओलेटा म्हणाली, मला तर सगळ्यात आधी सांग, माझ्या हातात काही नाही ना.

व्हर्लिन बसला नाही. ओलेटाच्या घरगाडीकडे बघत राहिला. तिचं इंजिनही पुढे, पलंगही मागे.

"क्लोव्हिस कुठे आहे?" त्याने तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"मागे घोरतोय. का?"

"त्याला उठव."

"अरे, जेवायच्या वेळी उठेल तो. तू आधी बस तर."

"उठव त्याला, ओलेटा. मग गाडी सुरू कर. आणि मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी हळूच म्हणालं, आर्डिथ गेल्यापासून असंच चाललंय. व्हर्लिनने नळाखाली हात ओला केला, खडीवर गुडघे टेकले, मग कण्हत पाठीवर आडवा झाला आणि सरपटत ओलेटाच्या गाडीखाली गेला. वरती इंजिन धडधडायला लागलं. ओला तळवा नळीला न लावता तो तिच्या कडेकडेने सरकवत मागे मागे गेला, पलंगाच्या खालपर्यंत, कुठे गरम फुंकर लागते का बघत.

त्याच्या डोक्यावर फळ्या करकरल्या. क्लोव्हिस उठला होता. चपला शोधत, झोपमोड केली म्हणून सगळ्यांना शिव्या देत, पाय आपटत फिरत होता.

व्हर्लिन खाली पडून ते ऐकत राहिला.